वाचकांचे प्रश्न : रीगलसमोरचं कारंजं, विकतची अफसरी आणि तीन एल्फिन्स्टन

मागच्या अंकात मुंबईतल्या ब्रिटिश लष्करी स्मारकांवर पानभर मजकूर दिला होता, त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आलेत की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. बहुतेकांचा रोख एकच आहे, की घरी एवढी जमीनजुमला, वाडे, नोकरचाकर असताना ही लॉर्ड नि अर्ल म्हणजे इंग्रज सरदार मंडळी सैन्यात यायचीच कशाला.

प्रश्न : रीगल सिनेमासमोरच्या चौकातलं जुनं कारंजं वेलिंग्टनचं आहे म्हणतात. वॉटर्लूवाला तोच का? मुंबईशी त्याचा काय संबंध? (गिरगावातले एक आजोबा)

हो आजोबा, वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच. पण मुंबईत आला तेव्हा तो ड्यूक वगैरे कोणी नव्हता, नुसता आर्थर वेलस्ली. आयर्लंडमधल्या अर्ल ऑफ मॉर्निंग्टनच्या घरातला धाकट्यांपैकी एक, जन्म 1769 चा, वडील लवकर गेलेले, घर कर्जात, आणि तिकडच्या रिवाजाप्रमाणे पदवी नि इस्टेट सगळी थोरल्याला म्हणजे रिचर्डला. आपल्याकडे एका बांधावरून भाऊ भाऊ तीन पिढ्या कोर्टात जातात, तिकडे धाकट्याला हक्क सांगायलाच जागा नव्हती. त्याने सैन्य, नौदल, चर्च नाहीतर वकिली यातलं काहीतरी धरायचं. तुमच्यासारख्या पुष्कळांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

आर्थरला व्हायोलिनचा नाद होता. 1793 च्या सुमाराला किटी पाकेनहॅम नावाच्या मुलीला त्याने मागणी घातली, तिच्या घरच्यांनी हा कफल्लक आहे म्हणून नकार दिला, तेव्हा त्याने व्हायोलिन स्वतःच्या हाताने जाळली आणि मग सगळं लक्ष पलटणीत घातलं. 1797 मध्ये तो हिंदुस्थानात आला, पुढच्याच वर्षी थोरला भाऊ गव्हर्नर जनरल होऊन आला. भाऊ वर बसलेला असल्यावर संधी मिळणारच, त्या मिळाल्या, आणि इतर अधिकारी त्यावरून चिडलेही.

मुंबईचं म्हणाल तर 1801 मध्ये इजिप्तकडे निघालेल्या फौजेबरोबर तो इथे आला, तापाने आणि अंगभर उठलेल्या खरजेने असा पडला की जहाज चुकलं. ते सुझाना नावाचं जहाज पुढे तांबड्या समुद्रात सगळ्या माणसांसकट बुडालं. मुंबईतल्या आजारपणाने तो वाचला म्हणायला हरकत नाही. दुसऱ्यांदा आला 1804 मध्ये, तेव्हा त्याचा इथे मोठा सत्कार झाला, कारण मधल्या काळात असईची लढाई झाली होती. कारंजं या दोन भेटींची आठवण म्हणून 1865 मध्ये उभारलंय.

असई आपल्या जालना जिल्ह्यात. 23 सप्टेंबर 1803. शिंदे नि नागपूरकर भोसल्यांची फौज केळणा आणि जुई या नद्यांच्या मधे, शंभराच्या आसपास तोफा, आणि वेलस्लीकडे जेमतेम सात हजार माणसं. वाटाडे म्हणाले इथे नदीला उतार नाही. त्याने दुर्बिणीतून बघितलं तर नदीच्या दोन काठांना अगदी समोरासमोर पिंपळगाव आणि वरूड अशी दोन गावं दिसली, आणि तो म्हणाला की एवढ्या जवळ दोन गावं वसलीत म्हणजे मधे जायला-यायला वाट असणारच. उतार निघाला. नदी ओलांडताना त्याच्या शेजारच्या स्वाराचं डोकं तोफेच्या गोळ्याने उडालं, त्याचा स्वतःचा एक घोडा गोळी लागून मेला, दुसऱ्याला भाला लागला. दिवस त्याचा झाला, पण सुमारे 1,600 माणसं मेली किंवा जखमी झाली. आणि शिंद्यांचे गोलंदाज तोफ सोडून हलले नाहीत, तोफेपाशीच मेले, हे इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. त्या गोलंदाजांची नावं आज कोणाला माहीत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

माझं मत विचारलंत तर घराण्याने त्याला दार उघडून दिलं, पण आत गेल्यावर तो काम शिकला. त्याची हिंदुस्थानातली पत्रं वाचा, लढाईपेक्षा बैल, तांदूळ, गाड्या नि नदीवरच्या होड्यांबद्दलच जास्त आहे. सगळ्या घराणेदारांनी एवढं केलं असतं तर पुढची उत्तरं मला वेगळी लिहिता आली असती.

प्रश्न : सैन्यातली पोस्ट पैसे देऊन विकत मिळायची असं वाचलं. अधिकृतपणे? की लाच? (मुलुंडहून एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी)

अगदी अधिकृतपणे, सरकारी दरपत्रक होतं. 19 व्या शतकात पायदळाच्या साध्या पलटणीत सगळ्यात खालचा अधिकारी म्हणजे एनसाइन व्हायला 450 पौंड, लेफ्टनंट कर्नल व्हायला 4,500, आणि राजाच्या फूट गार्ड्समध्ये तेच पद 9,000 पौंड. प्रत्येक पायरीला खालचं पद विकायचं, वरचा फरक भरायचा, आणि नोकरी सोडताना शेवटचं पद विकून ती रक्कम म्हातारपणासाठी घेऊन जायची. लढाईत मेला तर सहसा ती रक्कम बुडाली. तोफखाना आणि इंजिनिअर्समध्ये मात्र हे चालायचं नाही, कारण तिथे गणित यावं लागतं, वूलिचच्या शाळेतून शिकून यावं लागायचं.

असं का ठेवलं होतं, तर 1650 च्या दशकात राजाला हटवून क्रॉमवेल या सेनापतीच्या फौजेने देशावर राज्य केलं त्याची धास्ती पुढे दोनशे वर्षं गेली नाही. ज्यांच्याकडे जमीन आहे, ज्यांना राज्यव्यवस्था टिकावी असं वाटतं, त्यांच्याच हाती फौज असली तर बंड होणार नाही हा हिशेब. हिशेब त्यांच्यापुरता बरोबरही निघाला, बंड झालं नाही. पण मग फौज चालवायला येतं कोणाला हा प्रश्न उरलाच.

अर्ल ऑफ कार्डिगनचं बघ. यॉर्कशायरपासून मिडलँड्सपर्यंत जमिनी, चिडका स्वभाव, आणि रेजिमेंटची कमांड घ्यायला सरकारी दराच्या कितीतरी पट, 35 ते 40 हजार पौंड मोजले असं सांगतात. रशियाविरुद्धच्या क्रिमियाच्या युद्धात त्याचे सैनिक चिखलात तंबूत नि हा बालाक्लावाच्या बंदरात स्वतःच्या ड्रायड नावाच्या यॉटवर झोपायला. त्याचा वरिष्ठ लॉर्ड लुकन म्हणजे त्याच्या बहिणीचा नवरा, आणि दोघांचं एकमेकांशी धड बोलणं नाही. 25 ऑक्टोबर 1854 ला वरून सरसेनापती लॉर्ड रॅग्लनचा मोघम हुकूम आला, लुकनने त्याचा उलगडा करून घेतला नाही, कार्डिगनने शंका काढली पण पुढे वाद घातला नाही, आणि लाइट ब्रिगेडचे सुमारे 670 घोडेस्वार समोरून नि दोन्ही बाजूंनी तोफा असलेल्या दरीत सरळ गेले. 110 च्या आसपास ठार झाले, दीडशेच्या वर जखमी. कार्डिगन सगळ्यांच्या पुढे होता, तोफांपर्यंत पोचला नि जवळजवळ सुखरूप परत आला, म्हणजे हिंमतीत तो कमी नव्हता. पण मेहुण्या-मेहुण्यांच्या भांडणापायी आणि न शिकलेल्या कामापायी शेकडो घरं बसली, आणि हे मला आजही माफ करण्यासारखं वाटत नाही.

शेवटी 1871 मध्ये युद्धमंत्री कार्डवेल यांनी ही पद्धत बंद करायला घेतली, लॉर्डांच्या सभागृहाने अडवून धरलं, तेव्हा सरकारने राणीच्या फर्मानाने ती रद्द करून टाकली.

एक मात्र लक्षात ठेव. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत ही खरेदी-विक्री नव्हतीच. तिथे कंपनीच्या डायरेक्टरचा वशिला लावून भरती व्हायचं, मग सीनियॉरिटीने वर चढायचं, त्यामुळे तिथे पाद्र्यांची, व्यापाऱ्यांची, स्कॉटलंडमधल्या छोट्या जमीनदारांची मुलं जास्त. आपल्या आजोबा-पणजोबांनी बघितलेला प्रत्येक गोरा साहेब लॉर्ड नव्हता.

प्रश्न : आमचं स्टेशन आधी एल्फिन्स्टन रोड, कॉलेजही एल्फिन्स्टन. एकच माणूस का? आणि तो सैनिक की गव्हर्नर? (प्रभादेवीहून एक निवृत्त बँक कर्मचारी)

एक नाही, दोन. आणि तिसरा कुलाब्याच्या अफगाण चर्चपाशी भेटतो, तोही त्याच घराण्यातला. स्कॉटलंडमधल्या लॉर्ड एल्फिन्स्टन घराण्याची ही एकाच कुळातली काका, पुतण्या नि चुलत भाऊ अशी माणसं.

काका म्हणजे माउंटस्टुअर्ट, 11 व्या लॉर्डचा चौथा मुलगा, म्हणजे पुन्हा तेच, वाट्याला काही नाही. कंपनीच्या नोकरीत आला, सैनिक नव्हता, तरी असईला तो 24 व्या वर्षी वेलस्लीच्या शेजारी घोड्यावर होता, आणि तुझा धंदा चुकला, तू सैनिक व्हायला हवं होतंस असं वेलस्ली त्याला म्हणाला होता. पेशवाई बुडताना पुण्याला रेसिडेंट म्हणजे इंग्रजांचा वकील हाच, 1819 ते 1827 मुंबईचा गव्हर्नर हाच, आणि कॉलेज याच्या नावाचं.

पुतण्या म्हणजे जॉन, 13 वा लॉर्ड. लहानपणीच पदवी मिळाली, रॉयल हॉर्स गार्ड्समध्ये कॅप्टन झाला, राजाच्या दरबारात राहिला, तिशीतच मद्रासचा गव्हर्नर, आणि 1853 ते 1860 मुंबईचा. 1857 चा उठाव झाला तेव्हा मुंबईत हाच होता. तुमचं स्टेशन याच्या नावाचं, ते 2018 मध्ये प्रभादेवी झालं. आजचं हॉर्निमन सर्कल तेही आधी एल्फिन्स्टन सर्कल होतं, याच्याच नावाने.

आणि चुलत भाऊ म्हणजे जनरल विल्यम एल्फिन्स्टन. वॉटर्लूला 33 व्या पलटणीचा कर्नल होता, शूर म्हणून नाव होतं, पण त्यानंतर वर्षानुवर्षं अर्ध्या पगारावर घरी. 1841 मध्ये साठीला टेकलेल्या, संधिवाताने चालताही न येणाऱ्या या माणसाला काबूलच्या फौजेवर पाठवलं, शाह शुजा या अफगाण राजाला परत गादीवर बसवून टिकवायला इंग्रजांनी ठेवलेली ती फौज. कंदाहारला कंपनीचा जनरल नॉट होता, साध्या घरातला, हिंदुस्थानात हयात गेलेला, तोंडाने फटकळ, पण काम येणारा. त्याला डावललं. पुढे काबुलात उठाव झाला, आणि जानेवारी 1842 मध्ये काबूलहून बर्फातून सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजारांच्या आसपास नोकर, बायका, पोरं निघाली, त्यातले बहुतेक खिंडीत मेले, काही कैद झाले, आणि 13 जानेवारीला डॉक्टर ब्रायडन जखमी घोड्यावर जलालाबादच्या किल्ल्याशी पोचला. जनरल कैदेतच एप्रिलमध्ये वारला. नॉटने कंदाहार राखलं, त्याच वर्षी तो गझनी घेऊन काबूलपर्यंत गेला.

यातली सगळ्यात सलणारी गोष्ट म्हणजे काका माउंटस्टुअर्ट 1809 मध्ये पेशावरला जाऊन शाह शुजाला भेटून आला होता, आणि त्याच शुजाला गादीवर बसवून टिकवायचं म्हणजे अशक्य काम आहे असं त्याने आधीच कळवलं होतं. घरातच उत्तर होतं, कोणी ऐकलं नाही.

कुलाब्याचं अफगाण चर्च या मोहिमेतल्या मृतांचं, 1847 मध्ये पाया, 1858 मध्ये खुलं झालं. आत गेलात तर बाकांना बंदुका टेकवायच्या खाचा दिसतील. आणि तिथला लेख जरूर वाचा. अधिकाऱ्यांची नावं भिंतीवर कोरलीत, आणि साध्या सैनिकांबद्दल लिहिलंय की ते इतके होते की त्यांची अशी नोंद करता येत नाही. ज्यांच्यामुळे ते मेले त्यांची नावं मात्र सगळीकडे आहेत.

प्रश्न : आमच्या ससून डॉकला चर्चिल पडला होता असं माझे सासरे सांगायचे. खरं का? (कुलाब्याच्या मासळी व्यवसायातल्या एक ताई)

तुमचे सासरे बरोबर सांगत होते ताई. 1896 मध्ये चौथ्या हुसार्स या घोडदळाच्या रेजिमेंटचा तरुण अधिकारी म्हणून विन्स्टन चर्चिल मुंबईत उतरला. छोट्या होडीतून धक्क्यावर येताना भिंतीतली लोखंडी कडी त्याने हाताने पकडली, तेवढ्यात लाटेने होडी खाली गेली आणि उजवा खांदा निखळला. तो खांदा जन्मभर त्रास देत राहिला. पोलो खेळताना दंड अंगाला बांधून खेळायचा, आणि 1898 मध्ये सुदानमध्ये ओमदुरमानच्या घोडदळ हल्ल्यात तलवारीऐवजी पिस्तूल वापरलं ते याच खांद्यामुळे.

ड्यूक ऑफ मार्लबरोचा नातू, जन्म ब्लेनहाइमच्या राजवाड्यात, पण बाप धाकटा मुलगा, त्यामुळे घरात पैसा बेताचाच. सँडहर्स्टच्या लष्करी शाळेची प्रवेश परीक्षा तिसऱ्या खेपेला पास झाला, पायदळाला पुरतील एवढे मार्क नव्हते म्हणून घोडदळ मिळालं, आणि त्याचा बाप संतापला, कारण घोडदळात पगारापेक्षा खर्च जास्त. दिवसाला 14 शिलिंग पगार, घरून वर्षाला 500 पौंड, तरी भागायचं नाही, मग सावकार. घोडे, गणवेश, मेसचं बिल, पोलो, सगळं ज्याचं त्याने करायचं, म्हणजे 1871 नंतर पद विकत घ्यावं लागत नसलं तरी गरीबाच्या मुलाला घोडदळाचं दार बंदच राहिलं. आणि तुमच्या मुंबईचा आणखी एक धागा, तेव्हा अरबी घोड्यांचा मोठा बाजार भायखळ्याच्या तबेल्यांत होता, तिथून पूना लाइट हॉर्स या घोडदळाच्या रेजिमेंटला उत्तम तट्टं मिळायची, आणि चर्चिलच्या रेजिमेंटने त्यांची 25 पोलोची तट्टं एकगठ्ठा विकत घेतली, म्हणून नवखे असूनही थोड्याच आठवड्यांत हैदराबादची स्पर्धा जिंकले.

प्रश्न : हॅरिस शिल्डमधला हॅरिस कोण? तो सैनिक होता का? (शिवाजी पार्कचा एक आठवीतला खेळाडू)

होता, पण आधी क्रिकेटर. चौथा लॉर्ड हॅरिस, इंग्लंडचा कॅप्टन होता, 1890 ते 1895 मुंबईचा गव्हर्नर, आणि पुढे 1900 मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धात गेला. 1893 मध्ये मुंबईत दंगल पेटली तेव्हा तो पुण्यात होता नि लवकर आला नाही, यावरून त्याच्यावर खूप टीका झाली होती, आणि ती रास्त होती. त्याचा पणजोबा जॉर्ज हॅरिस मात्र साध्या पाद्र्याचा मुलगा. 1799 मध्ये श्रीरंगपट्टणला टिपू सुलतान पडला तेव्हा फौजेचा सेनापती तो होता. लुटीतून त्याच्या वाट्याला लाखाहून जास्त पौंड आले, साध्या शिपायाला बोटावर मोजण्याइतके. त्या पैशात 1801 मध्ये केंटमध्ये बेलमाँट नावाची इस्टेट घेतली आणि 1815 मध्ये श्रीरंगपट्टण आणि म्हैसूरचा बॅरन अशी पदवी मिळाली. म्हणजे हे लॉर्डांचं घराणं उभं राहिलं ते आपल्या इथल्या लढाईवर. आणि 1988 मध्ये आझाद मैदानावर सचिन नि कांबळीने 664 ची भागीदारी केली ती याच शिल्डमध्ये, ते तुला माझ्याहून जास्त माहीत असेल.

प्रश्न : महायुद्धात बडी मंडळी मागे राहिली आणि गरीब मेले, असंच ना? (बोरिवलीहून एक शिक्षिका)

बाई, पहिल्या महायुद्धाबाबत तसं नाही. लॉर्ड आणि त्यांची मुलं यातले जे लढायला गेले त्यातला पाचातला एक मेला, इतर सगळ्या सैन्यात हे प्रमाण आठातला एक. कारण सरळ आहे, ही पोरं विशीतली, प्लॅटूनची म्हणजे छोट्या तुकडीची पुढारी, खंदकातून बाहेर पहिलं पाऊल त्यांचं. लॉर्ड डेसबरो यांचे दोन मुलगे, ज्युलियन आणि बिली ग्रेनफेल, 1915 च्या मे आणि जुलैमध्ये गेले. तिसरा 1926 मध्ये मोटार अपघातात गेला, आणि 1945 मध्ये वडील वारल्यावर पदवीच संपली. लॉर्ड लुकास यांचा तर बोअर युद्धात बातमीदार असताना पाय गेला होता, मंत्रीपद भूषवून झालं होतं, तरी चाळिशीला विमान शिकले आणि नोव्हेंबर 1916 मध्ये जर्मन हद्दीवर उडताना मारले गेले. अशांबद्दल मनात आदर येतोच, तो लपवायचं कारण नाही.

पण मुलांना शिकवाल तेव्हा आपलीही बाजू सांगा. हिंदुस्थानचे 74 हजारांवर सैनिक त्या युद्धात मेले. आणि मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये बॉम्बे मेमोरियल आहे, त्यावर ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर मिळाली नाही अशा दोन हजारांहून जास्त खलाशांची नावं आहेत. वर्गाची सहल अफगाण चर्चला नेलीत तर तिथेही न्या, नावं मुलांना मोठ्याने वाचू द्या.

प्रश्न : शिवडीच्या कबरस्तानात एका इंग्रज कॅप्टनची कबर आहे, नाव नि साल वाचता येतं. तो कोणत्या घरातला हे शोधता येईल का? (शिवडीहून एक तरुण)

येईल, आणि पैसे न घालवता सुरुवात करता येईल. लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात राजाच्या फौजेतल्या अधिकाऱ्यांची नेमणूक नि बढती छापून यायची, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट शोधता येतात. हार्टची आर्मी लिस्टही स्कॅन केलेली सापडते, त्यात कोणत्या तारखेला कोणतं पद आणि 1871 आधीचं असेल तर ते विकत घेतलं का, हेही खुणेने दिलेलं असतं. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीच्या डेटाबेसमध्ये बाप्तिस्मा, लग्नं, मृत्यू बघ. कबरीवर नावाआधी ऑनरेबल लिहिलं असेल तर तो व्हायकाउंट किंवा बॅरनचा मुलगा, नाहीतर अर्लचा धाकटा, मग घराणं लगेच सापडतं. रेजिमेंटचा नंबर दगडावर असेल तर तो आधी टिपून घे, त्याच्याशिवाय एकाच नावाचे चार कॅप्टन निघतात. आणि दगड पाण्याने पुसलास तर चालेल, पण घासू नकोस, खडू किंवा ॲसिड तर अजिबात लावू नकोस, अक्षरं कायमची जातात. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढ, झिजलेलं नावही वाचता येतं. फोटो इकडे पाठव, पुढचं आपण मिळून बघू.